नाक टोचून घेतेय, पहिल्यांदाच (आणि वय विचारू नका)

आळशी_मांजर

विचारू नका म्हटलं तरी विचारालच, म्हणून सांगून टाकते: ४२. गेली कित्येक वर्षं आरशासमोर उभी राहून डाव्या नाकपुडीवर बॉलपेनाने ठिपका काढते, मान तिरकी करून बघते आणि थुंकी लावून पुसून टाकते. येत्या शनिवारी पुसायचा नाही असं ठरवलंय. वेळ घेतली आहे, आगाऊ पैसे भरलेत.

कानाच्या पाळ्या सोडल्या तर मला कुठेच भोक नाही, आणि त्या टोचल्या तेव्हा मी इतकी लहान होते की तो अनुभव जमेला धरता येत नाही. तेव्हा अनुभवी मंडळींनो, खरं खरं सांगा. दुखतं किती? सुईने की बंदुकीने? पहिल्यांदाच बाळी घातली तर चालेल का? मला चष्मा आहे, मी पालथी झोपते आणि बारा महिने शिंका देते, म्हणजे तिन्ही बाबतींत नापास. शिवाय भुवईही मनात आहे, तर एकाच फेरीत दोन्ही उरकावं का?

'या वयात कशाला' हा उपदेश नको. तो घरी मिळतोय.

धुक्यातला_दिवा

दुखतं, पण ते संपेपर्यंत तुम्हाला 'दुखलं' म्हणायलाही वेळ मिळत नाही. सुई जाते तेव्हा एक झणका, दागिना सरकवतात तेव्हा दुसरा, बास. गंमत म्हणजे ज्या बाजूची नाकपुडी टोचतात त्याच बाजूच्या डोळ्यातून घळाघळा पाणी येतं. रडू येत नसतं, नाकाला धक्का बसला की डोळ्याला पाणी सुटतंच. एका डोळ्याने रडणारी बाई बघून समोरचा हसला तर रागावू नका, त्याला रोजचं आहे.

भुवई त्या मानाने काहीच नाही, जोरात काढलेला चिमटा. माझी दोन्ही आहेत, पण मध्ये ८ महिन्यांचं अंतर ठेवलं होतं.

उपाशी जाऊ नका. घेरी येते ती दुखण्याने नाही, रिकामं पोट आणि धास्ती मिळून येते.

कडेलोट_कुमार

किती तो बाऊ! मी १० वर्षांपूर्वी बंदुकीने ठ्याक करून घेतलं, आजतागायत काही झालेलं नाही. सुईवाले दुप्पट पैसे घेतात, एवढाच फरक.

सुईदोरा

मी हेच काम करते, ११ वर्षं झाली, म्हणून जरा लांबण लावते.

कुमार, तुमचं नीट झालं याचा आनंद आहे. पण बंदुकीत सुई नसतेच. दागिन्याची बोथट दांडी स्प्रिंगच्या जोराने मांसातून ढकलतात. सुई असते पोकळ आणि धारदार, ती नेमकी वाट कापते. बंदूक फाडत जाते. कानाच्या पाळीला ते खपून जातं, कारण पाळी म्हणजे नुसतं मांस. नाकपुडीत बऱ्याचदा कूर्चा आड येते, ती चेचली गेली की महिनोन्‌महिने ठणकते. दुसरं म्हणजे स्वच्छता. बहुतेक बंदुकांचं अंग प्लास्टिकचं असतं. १२१ अंश सेल्सिअसच्या दाबाखालच्या वाफेत निदान १५ मिनिटं ठेवल्याशिवाय हत्यार निर्जंतुक झालं असं आम्ही म्हणत नाही, आणि त्या वाफेत प्लास्टिक वितळेल. मग ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात आणि पुढच्या नाकाला लावतात.

मांजरताई, आत गेल्यावर हे बघा. सुई आणि दागिना बंद पाकिटातून तुमच्या डोळ्यांसमोर निघाला पाहिजे. वाफेतून गेलेल्या पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला असतो, तो दाखवा म्हणा. हातमोजे घालून मोबाइल उचलला तर मोजे बदलायला सांगा. यातल्या कशालाही 'काही होत नाही हो' असं उत्तर आलं, तर पर्स उचला आणि निघा.

आता ठिपका. तुम्ही इतकी वर्षं काढताय तो बहुतेक मान तिरकी करूनच. मान सरळ ठेवा, उभ्या राहून बघा, मग हसून बघा. हसताना नाकपुडी पसरते आणि ठिपका भलतीकडेच जातो. चष्मा लावूनही बघा. चांगला कारागीर तीनदा पुसायला लावलं तरी तोंड वाकडं करत नाही.

पहिला दागिना बाळी नको. बाळी फिरते, आणि फिरताना वाळलेली खपली जखमेच्या आत ओढते. आतून चपटी चकती आणि बाहेर छोटा खडा अशी सरळ दांडी घ्या. नाकपुडीला साधारण १८ किंवा २० गेज, म्हणजे १ किंवा ०.८ मिलिमीटर जाडी (गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते, नवख्यांची इथे हटकून गल्लत होते). दांडी मुद्दाम थोडी लांब घालतात, कारण नाक सुजणार. महिना-दीड महिन्याने सूज ओसरली की आखूड घालायची. ही दुसरी फेरी लोक आळसाने टाळतात आणि मग गाठ आली म्हणून रडत येतात.

भुवईचं नंतर बघू. शरीराला एका वेळी एकच जखम द्यावी.

कडेलोट_कुमार

शेवटी सोनारानेच कान टोचले म्हणायचे! शस्त्र म्यान करतो. बंदूकच म्यान करतो.

निकेलग्रस्त

धातूबद्दल कोणीच बोललं नाही, आणि मी तिथेच पोळलेय. घड्याळाच्या बकलाने मनगटाला किंवा जीन्सच्या बटणाने बेंबीखाली खाजरं पुरळ येतं का? येत असेल तर तुम्हाला निकेल सोसत नाही. दुकानदार 'सर्जिकल स्टील आहे, निर्धास्त घाला' म्हणेल. सर्जिकल स्टीलमध्येही निकेल असतंच, चांगल्या प्रतीच्या स्टीलमधून ते फारसं सुटत नाही इतकंच. युरोपात तर टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यातून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमहून कमी निकेल सुटलं पाहिजे, असा नियमच आहे.

मी सहा आठवडे 'जंतू झाले, जंतू झाले' म्हणत मलमं फासत होते. दागिना टायटॅनियमचा केला आणि चार दिवसांत नाक गप्प. मागताना नुसतं टायटॅनियम म्हणू नका, शरीरात बसवायच्या दर्जाचं, म्हणजे एएसटीएम एफ१३६ या मानकाचं आहे का असं विचारा. चांदी नव्या जखमेत अजिबात नको, ती काळवंडते आणि कातडीवर करडा डाग सोडू शकते.

गोगलगाय_गतीने

भुवईबद्दल माझी कर्मकहाणी ऐका, म्हणजे घाई होणार नाही.

माझं टोचणं उत्तम झालं होतं. तीन महिन्यांत बरंही झालं. वर्षभराने एक दिवस तोंड धुताना जाणवलं की दोन टोकांमधलं अंतर कमी झालंय. पूर्वी दांडी आत दडलेली असायची, आता कातडीखाली तिची सावली दिसायला लागली. मी म्हटलं, भास असेल. पुढच्या दोन महिन्यांत कातडी इतकी पातळ आणि लालसर झाली की चिमटीत धरलं असतं तर फाटलीच असती. भुवईत दांडी वरवरच बसते, त्यामुळे शरीर तिला परकं ठरवून हळूहळू बाहेर लोटतं. अशा वेळी हट्ट न करता काढून टाकायची असते. मी थांबले, आणि आता डाव्या भुवईत एक उभी रेघ आहे जिथे केस उगवत नाहीत. लोकांना वाटतं मुद्दाम काढून घेतलीय, फॅशन म्हणून.

दाढदुखी

ओठाचा विचार असेल तर दातवाल्यांचंही ऐका. खालच्या ओठाच्या आतली चकती बोलताना-खाताना हिरडीवर घासत राहते. हिरडी खाली सरकते आणि ती पुन्हा वर येत नाही. धातू चावायची सवय लागली की दाताचा टवका उडतो. लांब दांडी दोन-तीन आठवड्यांत बदलून घेतली तर धोका कमी होतो, जात नाही. नाक असेल तर माझं काही म्हणणं नाही. चालू द्या.

पांढरा_कोट

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयाच्या झडपेचा आजार, गर्भारपण, यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. घरात कोणाला केलॉइड (जखमेची हद्द ओलांडून वाढणारे जाड व्रण) होत असतील तर तेही सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. रक्तदान करत असाल तर टोचल्यावर काही काळ थांबायला सांगतात, मुदत देशोदेशी वेगळी आहे.

आळशी_मांजर

सगळ्यांना दंडवत. जीन्सचं बटण! मला ते पुरळ २० वर्षं येतंय आणि मी घामाला दोष देत होते. टायटॅनियम पक्कं. भुवई रद्द. सोमवारी कळवते.

आळशी_मांजर

कळवते म्हटलं होतं. शनिवारी दोन दुकानं झाली.

पहिल्या ठिकाणी गप्पिष्ट माणूस होता, गाणी लावली होती, सगळं छान. मग त्याने उघड्या ट्रेमधल्या पंधरा-वीस खड्यांमध्ये बोट फिरवून एक उचलला आणि म्हणाला, 'हा शोभेल बघा.' मी पाकिटाचं विचारलं. उत्तर आलं, 'काही होत नाही हो.' शब्दशः! सुईदोरा, मला तुमचा आवाज ऐकू आला. पर्स उचलली. आगाऊ भरलेले पैसे बुडाले.

दुसऱ्या ठिकाणी एक अबोल मुलगी होती. तिने ठिपका काढला, मला उभं केलं, हसायला लावलं. मी दोनदा पुसायला लावला. तिसरा ठिपका माझ्या बॉलपेनच्या जागेपेक्षा चांगला दोन मिलिमीटर मागे आला, आणि तोच बरोबर होता. म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्याच जागेवर मन बसवलं होतं.

'श्वास घ्या. सोडा,' म्हणाली, आणि सोडतानाच सुई गेली. दुखण्यापेक्षा लक्षात राहिला तो आवाज, कच्ची कैरी दाताखाली यावी तसा, पण डोक्याच्या आतून. डावा डोळा वाहायला लागला, उजवा कोरडा ठणठणीत. दागिना सरकवताना मात्र कळवळले, तो झणका सुईपेक्षा वाईट. आरसा हातात दिला आणि मी पहिलं काम काय केलं? शिंकले. काही झालं नाही. जागच्या जागी आहे.

धुक्यातला_दिवा

एका डोळ्याची सभासद झालीस, अभिनंदन! आता टॉवेल जपून. नाकातल्या चमकीचा खरा वैरी सुई नाही, टॉवेल. तोंड पुसताना त्याचा दोरा अडकतो आणि दिवसा तारे दिसतात. मी सहा महिने कागदी रुमालाने टिपत होते. अंगातले कपडे काढतानाही गळा ताणून धरायचा. पालथ्या झोपेसाठी प्रवासातली गोल उशी घे, मधल्या पोकळीत गाल ठेवायचा.

आळशी_मांजर

दिवस १२. घाबरलेय. भोकाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी लाल गाठ आलीय. सकाळी पिवळट काहीतरी सुकलेलं असतं. केलॉइड आहे का? काढून टाकू?

सुईदोरा

काढू नका. आधी कबुलीजबाब द्या, काय काय केलंत?

आळशी_मांजर

खपली नखाने काढली. रोज. दागिना गोल फिरवला, कारण मैत्रीण म्हणाली नाहीतर मांसाला चिकटतो. टी ट्री ऑइल लावलं. एकदा हायड्रोजन पेरॉक्साइड. फेसाळलं तेव्हा वाटलं काम करतंय.

सुईदोरा

करत होतं, तुमच्याच नव्या पेशी मारायचं.

केलॉइड असा बारा दिवसांत उगवत नाही. तो बहुधा काही महिन्यांनी येतो आणि जखमेची हद्द ओलांडून पसरत जातो. तुमचं वर्णन चिडलेल्या जखमेचं आहे, नाकपुडीच्या निम्म्या गिऱ्हाइकांना ही गाठ कधी ना कधी भेटते. पिवळट सुकतं ती लस, म्हणजे जखमेतून पाझरणारं पातळ पाणी. भरत्या जखमेतून ती येणारच.

आता नखं, फिरवणं, तेल, पेरॉक्साइड, सगळं बंद. दिवसातून दोनदा ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक सलाइन फवारायचं. घटक वाचून घ्या, मीठ आणि पाणी याखेरीज काही नको. घरी मीठ कालवू नका, अंदाज चुकतो आणि कातडी कोरडी पडते. खपली मऊ झाली की कागदी रुमालाच्या टोकाने टिपायची, आली तर आली. मग कोरडं करायचं आणि हात खिशात. मैत्रिणीला सांगा, फिरवल्याने चिकटणं टळत नाही, भरत आलेली कातडी रोज नव्याने फाटते.

पांढरा_कोट

एक पुरवणी. गाठीभोवती लाली पसरत गेली, भाग गरम लागला, ठणका वाढला, हिरवट-पिवळा दाट पू आला किंवा ताप भरला तर सलाइन पुरणार नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या शिरांचा मेंदूजवळच्या शिरांशी संबंध असतो, म्हणून तिथला जंतुसंसर्ग अंगावर काढत नाहीत. आणि दागिना स्वतःहून काढू नका. भोक वरून मिटतं आणि पू आत अडकतो.

आळशी_मांजर

ताप नाही, गरमही नाही. हात खिशात घातलेत.

आळशी_मांजर

दिवस २६. गाठ मोहरीएवढी.

आळशी_मांजर

आठवडा ७. गाठ गायब! अबोल मुलीकडे जाऊन दांडी बदलली, ८ मिलिमीटरची काढून ६.५ ची. वरचा खडा तोच ठेवला. तिने जुनी दांडी वाफेतून काढून पाकिटात घालून दिली. हिचं काय करू, टाकून देऊ?

सुईदोरा

मुळीच टाकू नका. कपाटात वर ठेवा. कधीतरी रात्री उपयोगाला येईल.

आणि बाहेरून सुरेख दिसतंय म्हणून झालं असं समजू नका. जखम बाहेरून आत भरत जाते, मधला बोगदा सगळ्यात शेवटी. नाकपुडीला चार-सहा महिने सहज लागतात, काहींना त्याहून जास्त.

रुमाल_टाकलाय

वाचनखूण साठवली. नाकाच्या मधल्या पडद्याबद्दल कोणी सांगेल का? ऑफिसात लपवायचं आहे.

सुईदोरा

लपवायला सगळ्यात सोयीचा तोच, नालाच्या आकाराचा दागिना वर उलटा करून नाकात ढकलता येतो. नेमकी जागा सापडली तर दुखणंही कमी, कारण कूर्चेच्या पुढे एक पातळ मऊ पापुद्रा असतो, टोचायचं तिथे. सगळ्यांना तो सारखा नसतो. बोटांनी चाचपून बघणाऱ्याकडेच जा. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे मांजरीचं नाक चाललंय.

आळशी_मांजर

धागा वर काढतेय, तातडीचं आहे!! पाच महिने झाले. उद्या एक समारंभ आहे, बाळी घालायची हौस आली. स्वतःच बेसिनसमोर उभी राहून खडा ओढला, खडा हातात आला, दांडी आतून सटकली आणि थेट बेसिनच्या भोकात. १५ मिनिटं झाली. बाळी जात नाहीये. नवरा म्हणतो सकाळी दुकान उघडल्यावर बघू.

धुक्यातला_दिवा

सकाळपर्यंत भोक राहणार नाही! माझं तासाभरात आवळलं होतं.

सुईदोरा

बाळी ठेवून द्या, पाच महिन्यांत बाळी नाहीच. कपाटातलं पाकीट आठवतंय का? खडा तुमच्याकडे आहे, जुनी दांडी त्याच जातीची आहे, बसेल. आधी बेसिनला बूच लावा. हात साबणाने धुवा. दांडीवर आणि नाकाच्या आतून-बाहेरून सलाइन मारा. दांडी आतून लावायची, चकती नाकात, टोक बाहेर. जोर करायचा नाही, कोन शोधायचा. टोक बाहेर दिसलं की खडा खोचा. दोनदा प्रयत्न करून गेली नाही तर थांबा, वाट फाडू नका. उद्या दुकान उघडताच त्या मुलीकडे जा.

आळशी_मांजर

पाकीट सापडलं. जाते.

धुक्यातला_दिवा

??

कडेलोट_कुमार

मी पण जागा आहे. कळवा.

आळशी_मांजर

गेली. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा. श्वास सोडताना. खडा खोचताना टक् असा आवाज आला. दांडी लांब आहे, खडा जरा पुढे आलाय, उद्याच्या फोटोत दिसेल, दिसू दे. डावा डोळा वाहतोय. नवरा पाना घेऊन बेसिनखाली आडवा झालाय, बादली ठेवा म्हटलं तर ऐकलं नाही, आता दोघांच्या पायाखाली पाणी आहे.